नवीन डिस्क घालूनही स्टिअरिंग थरथरतंय (२००९ ची स्विफ्ट, कुंभार्ली घाट)

कुंभार्लीकरीण

नमस्कार मंडळी. गाडी २००९ ची स्विफ्ट, पेट्रोल, एबीएस नसलेली, एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेली. मी चिपळुणात, आई कराडला. बँकेत आहे, त्यामुळे दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, आणि तो दर वेळी कुंभार्लीत जातो. हे सांगायचं कारण, या गाडीचे ब्रेक महिन्यातून दोनदा तरी सगळा घाट उतरतात.

गेल्या दिवाळीआधी ब्रेक लावला की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. पॅड, म्हणजे ब्रेक लावला की चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला (डिस्कला) दाबणारे तुकडे, संपून मागचा पत्रा त्या डिस्कला लागला होता. चूक माझीच. त्याआधी दोन महिने चाकातून बारीक चिरचिर येत होती, ती मी पावसाळ्याच्या खात्यात टाकली. मग इथल्याच एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवीन घातले. साहित्य कंपनीचंच, बिल आहे, डब्यांवरची लेबलंही जपून ठेवली आहेत (बँकेची सवय).

तीन-साडेतीन हजार किलोमीटर गाडी लोण्यासारखी चालली. त्यानंतर सत्तर-ऐंशीच्या वेगात हलका ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी वाटलं रस्ता. आता पाच हजार झाले आहेत आणि घाटात चाळीसच्या वेगातही पायाखाली पेडल धडधडतं. गेल्या खेपेला पोफळीला चहाला थांबले तर उजव्या पुढच्या चाकाजवळ कुकरची रिंग जळल्यासारखा वास. डाव्या चाकाला काही नाही.

ज्यांनी काम केलं ते म्हणतात, "घाटामुळे डिस्क वाकल्या, परत नवीन घाला, आणि आता कॅलिपरही घ्या." कॅलिपर म्हणजे पॅड दाबणारा चिमटा. अंदाज अकरा हजार. दुसरे एक जण म्हणतात, डिस्क लेथवर फिरवून, कातून सपाट करून देतो, चारशे रुपयांत काम. अकरा हजार आणि चारशे यांच्या मध्ये कुठे तरी खरं असणार. चाक मी स्वतः बदलते, पाना धरता येतो, पण ब्रेक कधी उघडलेला नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

अवांतर: जुलै २०२१ च्या पुरात गाडी दाराच्या खालच्या कडेपर्यंत पाण्यात होती. इंजिन वाचलं. याचा काही संबंध असेल का?

बिनधास्त बंड्या

ताई, लेथ मारून घ्या आणि विषय संपवा. माझ्या सॅन्ट्रोला मारलं होतं, मस्त झालं. नवीन डिस्कवर परत खर्च म्हणजे वेडेपणा.

सतराचा पाना

ताई, एकतीस वर्षं गॅरेज चालवलं कोल्हापुरात, आता मुलगा बघतो. मी फक्त सल्ले देतो आणि त्याच्या शिव्या खातो.

पहिलं म्हणजे "डिस्क वाकली" हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोयीचं वाक्य आहे. गिऱ्हाईक गप्प होतं. बिडाची एवढी जाड चकती घाट उतरून सहसा वाकत नाही. होतं काय ते सांगतो.

डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, नुसती टेकवलेली असते आणि चाकाच्या नटांनी आवळली जाते. जुनी डिस्क काढून नवी घालताना हबवरचा गंज साफ केला नाही, तर गंजाचा एखादा पापुद्रा मध्ये अडकतो आणि नवी कोरी डिस्क किंचित तिरकी बसते. इतकी किंचित की डोळ्याला दिसत नाही, आणि पहिल्या दिवशी स्टिअरिंगलाही कळत नाही. पण चाक फिरताना डिस्कची ती पुढे आलेली जागा दर फेऱ्याला पॅडला घासून जाते, तुमचा पाय ब्रेकवर नसला तरी. तुमच्या गाडीचं चाक एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे घेतं. तीन हजार किलोमीटरला झाले पंधरा लाख. पंधरा लाख वेळा एकाच जागी हात फिरवला तर देवळाची पायरीही झिजते. ती जागा झिजून पातळ होते, बाकीची डिस्क जाड राहते. मग ब्रेक लावला की पॅड जाड-पातळ, जाड-पातळ असा चालतो, तीच तुमची थरथर. म्हणून असला त्रास पहिल्या आठवड्यात येत नाही, तीन-चार हजारांनी येतो. तुमचा आकडा ऐकूनच मला हबचा वास आला.

पुराचा संबंध आहे, शंभर टक्के. गाळाचं पाणी हबच्या फटीत बसलं की गंज आतून वाढतो.

आता उजव्याच चाकाला वास येतो ही दुसरी भानगड. तुमच्या गाडीचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिस्टन आतल्या बाजूला एकच. तो आतला पॅड दाबतो, आणि त्याच जोराने कॅलिपर मागे सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की सरकणं बंद. ब्रेक सोडला तरी पॅड पुरता सुटत नाही, चाक तापतं. चाक उचलून हाताने फिरवा. डावं दोन-तीन फेरे मोकळं फिरेल, उजवं लगेच थांबेल. मग पॅड काढून बघा. आतला जास्त झिजला असेल, किंवा एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, तर पिनच.

कॅलिपर नवीन घेऊ नका. आधी पिना काढून बघा. आणि बघितल्यावर इथे लिहा.

बिनधास्त बंड्या

काका, मग माझी सॅन्ट्रो कशी बरी झाली?

सतराचा पाना

बरी झाली खरी. किती महिन्यांनी विकलीस?

बिनधास्त बंड्या

चार महिन्यांनी 😅

मायक्रॉन

चाकणला एका कारखान्यात मोजमाप विभागात आहे, गाड्यांचं नाही पण चकत्यांचंच काम. काकांशी सहमत, थोडी भर घालतो.

लेथवर डिस्क चकमध्ये (लेथच्या पकडीत) सरळ धरली जाते, त्यामुळे ती लेथपुरती सरळ होते. गाडीवर परत त्याच गंजक्या हबवर बसवली की पुन्हा तिरकी. लेथ वाईट नाही, पण हब साफ न करता मारलेला लेथ म्हणजे चार महिन्यांची उसंत.

मोजायचं असेल तर: या डिस्क नव्या असताना २० मिमी जाड असतात आणि १८ च्या खाली गेल्या की बदलायच्या. किमान जाडी डिस्कवर कोरलेलीही असते, गंज पुसून बॅटरीच्या उजेडात बघा. व्हर्नियरने (जबड्यांत धरून जाडी मोजायच्या पट्टीने) मोजताना एक गफलत होते. डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड लागत नाही, तिथे न झिजलेली उंच कड राहते, आणि व्हर्नियरचे जबडे त्या कडेवरच टेकतात. माप जास्त येतं. दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. थरथरीचा फरक मात्र व्हर्नियरला धड दिसत नाही, तो मिलिमीटरच्या काही शतांशांत असतो. त्याला मायक्रोमीटर (त्याहून बारीक मोजणारं साधन) हवा, आणि डिस्कच्या घेरावर सात-आठ ठिकाणी मोजायला हवं. चांगल्या टर्नरकडे, म्हणजे लेथ चालवणाऱ्याकडे, असतोच.

घाटवाटसरू

एवढं सगळं करण्यापेक्षा घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरा. निम्मं जग तिसऱ्या-चौथ्यात ब्रेकवर पाय ठेवून उतरतं आणि मग धागे काढतं.

कुंभार्लीकरीण

@घाटवाटसरू, मी पंधरा वर्षं हा घाट दुसऱ्यातच उतरते. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणारे माझे मामा होते, त्यांच्या गाडीत बसून लहानपणीच देव आठवले आहेत.

@सतराचा पाना काका, शनिवारी चाक उचललं. तुम्ही म्हणालात तसंच. डावं मोकळं, उजवं अर्धा फेरा फिरून थांबलं. पुढच्या रविवारी उघडते. मावसभाऊ येणार आहे, त्याला पाने-टॉमीची सवय आहे, पण ब्रेक त्यानेही उघडलेला नाही. करण्याआधी काही धोक्याचं असेल तर सांगून ठेवा.

सतराचा पाना

सांगतो.

नुसत्या जॅकवर भरवसा नको. खाली घोडी (लोखंडी स्टँड) किंवा जाड लाकडी ठोकळा, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. कॅलिपर सोडवला की तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. ती नळी आतून फाटली तर बाहेरून कळत नाही.

पॅडची काळी पूड तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

नवीन पॅड बसवायला पिस्टन मागे ढकलावा लागतो. ढकलला की ब्रेक ऑइल वर टाकीत चढतं. टाकी भरलेली असेल तर उतू जातं, आणि ते ऑइल गाडीचा रंग खातं. आधी सिरिंजने थोडं काढून घ्या. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता.

पिनांना कंपनीचं रबर-सुरक्षित ग्रीस. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावू नका. मिनरल तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं.

आणि सगळं झाल्यावर, गाडी सुरू करायच्या आधी, पेडल दहा-बारा वेळा दाबा. घट्ट होईपर्यंत. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. हे विसरणारे लोक भिंतीत जातात.

कुंभार्लीकरीण

झालं. सविस्तर लिहिते, कारण मला असा वृत्तांत कुठेच सापडला नव्हता.

रविवारी सकाळी आठला सुरुवात केली. चाक काढलं, कॅलिपर उघडला, तारेने बांधला. उजवीकडचे पॅड काढून पेपरवर ठेवले. बाहेरचा जाड, आतला त्याच्या निम्मा, आणि तोही वरून खाली उतरता झिजलेला, झिजलेल्या चपलेच्या टाचेसारखा. पाच हजार किलोमीटरांत.

मग पिना. वरची बोटाने ओढली तर आली. खालची येईना. फिरेना, सरकेना. भावाने पकडीत धरून अर्धा तास हलवत हलवत काढली. तिच्या टोकाला रबराची एक छोटी बाही असते, ती फुगून भिजवलेल्या राजम्यासारखी झाली होती. आणि आजूबाजूला काय? पिवळं ग्रीस. भरभरून. काम करणाऱ्याने प्रेमाने थापलं होतं. काका, तुमची आठवण आली. कॅलिपरला काहीही झालेलं नव्हतं. पिस्टन अंगठ्यांनी ढकलला तर पॅडच्या जुन्या पत्र्यासकट मुकाट आत गेला.

आता डिस्क. नट काढलेले, कॅलिपरचा कंसही काढला, तरी डिस्क हलेना. हातोडी घ्यावी का असा विचार चालू असताना भावाला डिस्कमध्ये दोन रिकामी भोकं दिसली, आत आटे असलेली. त्यात आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळत गेलो आणि 'टक्' करून डिस्क बाहेर आली. हे कुणी सांगितलं असतं तर पंधरा मिनिटं वाचली असती, म्हणून लिहून ठेवते.

मागे जे दिसलं ते फोटो काढण्यासारखं होतं. हबच्या तोंडावर लालसर तपकिरी वळं, आणि एका बाजूला, साधारण घड्याळात चार ते सहाच्या जागी, गंजाचा पापुद्रा डिस्कच्या दाबाने चेपून गुळगुळीत झालेला. नवी डिस्क त्याच्यावरच बसवलेली होती. मधल्या खाचेत राखाडी गाळ. नखाने काढला. चार वर्षं बाजूला सारूनही वाशिष्ठी नदी माझ्या चाकात होतीच.

हब साफ करायला दीड तास गेला. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग फडकं. बोटाची टोकं फिरवून बघायचं, कुठे उंचवटा लागला की परत. या दीड तासाचं कुठलंही गॅरेज बिल लावणार नाही आणि लावलं तर मीही कुरकुर केली असती, हे कबूल. डावीकडेही उघडलं. तिथला गंज कमी, पिना मोकळ्या, पण तिथेही तेच पिवळं ग्रीस, रबर फुगायला लागलेलं.

डिस्क घेऊन सोमवारी खेर्डी एमआयडीसीत एका टर्नरकडे गेले. त्यांनी आधी मायक्रोमीटर लावला. उजव्या डिस्कच्या घेरावर आठ ठिकाणी मोजलं: सात जागी १९.६२ च्या आसपास, एका जागी १९.५६. सहा शतांश मिलिमीटर, एवढ्याशा फरकावर मी इतके दिवस दात-ओठ खाल्ले. दोन्ही डिस्कवर हलका हात मारून १९.४ ला आणल्या. मर्यादा १८, म्हणजे अजून पुष्कळ जीव आहे. घेतले तीनशे साठ.

नवीन पॅडचा संच आणि पिनांचं रबर, ग्रीससकट, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. पॅड चारही बदलले, उजवीकडचेच बदलून चालत नाही ना, गाडी एका बाजूला ओढते.

आणि आता कबुली. काका, पेडल दाबायचं सांगितलं होतंत, मी वहीत लिहून ठेवलं होतं, वही व्हरांड्यात होती. भाऊ उत्साहाने गाडीत बसला, सुरू केली आणि मागे घेतली. पेडल थेट खाली. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडी अंगणातल्या नारळाच्या सोडणांच्या ढिगात. बंपरला काही नाही, सोडणं आईने कराडला बंबासाठी मागितली होती ती आता नेता येतील अशी भरडली गेली. त्यानंतर तो पंधरा वेळा पेडल दाबत बसला, मी मोजत होते.

मायक्रॉन

सहा शतांश! मी म्हटलं होतं. 😀 पॅड बसवून घेतलेत का? म्हणजे डिस्कला जुळवून.

कुंभार्लीकरीण

हो, मंगळवारी पहाटे साडेपाचला गुहागर रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही बघून. साठवरून वीसपर्यंत दमदार पण सावकाश ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं चालवून चाकं निवू द्यायची, असं नऊ वेळा. शेवटच्या दोन खेपांना वास आला, पण दोन्ही बाजूंनी सारखा. घरी येऊन ब्रेक न लावता हँडब्रेकवरच गाडी ठेवली, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवला की तिथे त्याचा ठसा उमटतो असं वाचलं होतं. पोफळीला चहाला थांबल्यावर मी नेमकं तेच करत होते, घाट उतरून लगेच पाय ब्रेकवर दाबून पाकीट शोधत बसायचं. आता शिरगावपर्यंत तशीच जाते, सपाटीवर चाकं निवतात.

काल चौथा शनिवार. कुंभार्ली उतरले. स्टिअरिंग गप्प. एका वळणावर समोर म्हैस आली तेव्हा जोरात ब्रेक लावावा लागला, तेव्हाही गप्प. ज्यांनी आधी काम केलं होतं त्यांच्याकडे ती पिन नेऊन दाखवली. भांडायला नाही गेले. त्यांनी रबर बोटात धरून बघितलं, पोराला हाक मारली आणि ग्रीसचा तो डबा फळीवरून खाली घ्यायला सांगितला. चहा पाजला.

सतराचा पाना

ताई, पोरांना गॅरेजमध्ये ठेवायचं तर तुमच्यासारखी वही लागते. एक काम अजून करा. ब्रेक ऑइल कधी बदललंय? त्यात हवेतला ओलावा शिरतो आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) नवीन असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी शिरलं की १५५ पर्यंत येऊ शकतं. घाटात तापलं की बुडबुडे होतात, पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी बदलायचं. कोकणातल्या दमट हवेत मी तर त्याआधीच बदला म्हणेन.

कुंभार्लीकरीण

टाकीत बघितलं, गवती चहाच्या काढ्यासारखा रंग आहे. बिलांच्या फायलीत शोधलं तर शेवटचं २०१९ चं सापडलं. पुराच्या आधीचं.

शिवाय आता पुढचं शांत झालं तर सीटखाली मागून हलकी थरथर जाणवते असं वाटतंय. मोकळ्या रस्त्यावर हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूच ओढला, तर तशीच आली. म्हणजे मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक ना? पुराचा गाळ तिथेही असेल. दुसऱ्या शनिवारी उघडते. भावाला सांगितलंय, सोडणं आधी अंगणातून हलवायची.